मामांचा भाचा : शिवरामकृष्ण चंद्रशेखर

चंद्रशेखर म्हटले की नोबेल पारितोषिक मिळवणारे खगोलशास्त्रज्ञ आठवतात. ते सर सी. व्ही. रामन यांचे पुतणे. या अंकात आम्ही ज्यांची ओळख करून देत आहोत, ते शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे रामन यांचे भाचे. नावाच्या सारखेपणामुळे या भाच्याकडे आपले जरा दुर्लक्षच झाले, असे आम्हांस वाटते. वास्तविक त्यांचे मोठे काम आपल्याच राज्यात झाले.

त्यांचा जन्म ६ ऑगस्ट १९३० रोजी कलकत्त्यास झाला. नागपूर विद्यापीठाच्या एम.एस्सी. परीक्षेत १९५१ साली ते पदार्थविज्ञानात पहिले आले. नंतर बंगळूरला मामांच्या रामन संशोधन संस्थेत त्यांनी स्फटिकांतून जाणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला व १९५४ मध्ये नागपूरचीच डी.एस्सी. मिळवली. पुढे केंब्रिजची पीएच.डी. आणि लंडनमध्ये संशोधन. विषय स्फटिकांचाच.

१९६१ मध्ये ते म्हैसूर विद्यापीठात पदार्थविज्ञान विभागाचे पहिले प्रमुख झाले. ज्या विषयात नाव झाले तोच पुढे चालवणे सोपे होते. पण येथे त्यांचे मन द्रवस्फटिकांकडे वळले.

द्रवस्फटिक म्हणजे काय? १८८८ मध्ये रायनिट्झर यांना कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ जणू दोनदा वितळताना दिसला. १४५.५ अंश सेल्सिअसला त्याचा गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तोच द्रव नितळ झाला. मधल्या अवस्थेत पदार्थ वाहतो, पण त्याचे रेणू एका दिशेने तोंड करून राहतात. काळी नदीच्या प्रवाहात सोडलेले लांब ओंडके डोळ्यांसमोर आणा. ते पुढेमागे सरकतात, तरी साधारण एकाच दिशेत असतात. असे रेणू काठीसारखे लांबच हवेत, अशी समजूत पुढे कित्येक वर्षे होती.

१९७१ मध्ये रामन संस्थेने चंद्रशेखर यांना द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभारण्यासाठी बोलावले. रामन तेव्हा हयात नव्हते. नवे रेणू घडवल्याशिवाय या विषयात पाऊल पुढे पडत नाही, म्हणून पदार्थविज्ञानाच्या या प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञही होते. बेंझीनच्या कड्याला सहा लांब शेपट्या जोडल्या की रेणू काठीसारखा न राहता चकतीसारखा होतो. १९७७ मध्ये चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी दाखवून दिले की असे चपटे रेणूही द्रवस्फटिक बनतात. भाकऱ्यांच्या चवडीसारखे ते एकावर एक बसतात आणि त्यांचे खांब तयार होतात. हा निबंध त्यांनी परदेशी नव्हे, तर बंगळूरहून निघणाऱ्या ‘प्रमाण’ या नियतकालिकात छापला. भारतातले छापील काम बाहेर कोण वाचतो, असे म्हणण्याची आपल्याकडे रीतच आहे. हा निबंध मात्र जगभर वाचला गेला आणि चकतीच्या रेणूंचा एक नवा विषयच सुरू झाला. त्याच वर्षी द्रवस्फटिकांवरील त्यांचा ग्रंथ केंब्रिजने प्रसिद्ध केला.

उपयोगही सांगायला हवा. गणकयंत्राच्या पडद्यात काचेवर पॉलिमरचा पातळ थर देऊन तो कापडाने एकाच दिशेने घासतात. काठीचे रेणू त्या दिशेने निजतात आणि विजेचा दाब दिला की उभे राहतात. असे पडदे बाजूने पाहिले की अंधुक दिसत. तो दोष कमी करणाऱ्या फिल्ममध्ये पुढे चकतीचे रेणूच वापरले गेले.

१९८३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९९४ मध्ये त्यांना रॉयल पदक आणि १९९८ मध्ये पद्मभूषण मिळाले. आंतरराष्ट्रीय द्रवस्फटिक संघटनेचे ते संस्थापक-अध्यक्ष. निवृत्तीनंतर ते घरी बसले नाहीत. १९९१ मध्ये जालहळ्ळीला भारत इलेक्ट्रॉनिक्सने दिलेल्या जागेत त्यांनी द्रवस्फटिक संशोधन केंद्र काढले. ८ मार्च २००४ रोजी त्यांचे निधन झाले. केंद्राचे नाव आता बदलले आहे, पण द्रवस्फटिकांवरील काम तेथे चालूच आहे.