पायाखालची वाळू मोजणारा संशोधक : रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम

तारकर्लीच्या पुळणीवर लाट नुकतीच ओसरलेली असताना ओल्या वाळूत एकाच जागी उभे राहून पाय हलवत राहिले, की गंमत दिसते. क्षणापूर्वी घट्ट वाटणारी वाळू लगदा होते, वर पाणी येते आणि पाय घोट्यापर्यंत आत जातो. हलवणे थांबवले, की थोड्या वेळात वाळू पुन्हा घट्ट. मोठ्या भूकंपात नेमके हेच शेकडो चौरस किलोमीटर प्रदेशात घडते. फरक इतकाच, की तेव्हा वाळूवर घरे, पूल आणि रेल्वेमार्ग उभे असतात. भारतातील अशा घटनांची पद्धतशीर नोंद ज्यांच्यामुळे जगापुढे आली, त्यांत रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

ओल्डहॅम यांचा जन्म 31 जुलै 1858 रोजी डब्लिन येथे झाला. वडील थॉमस ओल्डहॅम हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे पहिले प्रमुख. त्यामुळे दगडमातीचे बाळकडू घरातच मिळाले. लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये शिक्षण घेऊन 1879 मध्ये ते त्याच विभागात रुजू झाले. पण मुलगा भारतात आला तेव्हा वडील हयात नव्हते. 1878 मध्ये त्यांचे निधन झाले होते. मागे राहिली होती त्यांची अपुरी कागदपत्रे.

त्या कागदांत 10 जानेवारी 1869 रोजी आसामातील काछार भागात झालेल्या भूकंपाची टिपणे होती. सिलचरजवळ बराक नदीच्या काठाने जमिनीला लांबलचक भेगा पडल्या होत्या आणि त्यांतून पाणी व वाळू उसळून वर आली होती. जमीन फाटली म्हणजे पृथ्वीच्या पोटातून काहीतरी बाहेर आले, असे पाहणाऱ्यांना वाटणे साहजिक होते. थॉमस ओल्डहॅम यांचा निष्कर्ष वेगळा होता. भेगा नदीकाठाला समांतर होत्या. याचा अर्थ आधार नसलेला काठ नदीच्या पात्राकडे सरकला होता आणि वाळू फार खोलून नव्हे, तर जवळच्याच थरातून आली होती. भेगा हे भूकंपाचे कारण नसून परिणाम होते. मुलाने ही टिपणे पूर्ण करून 1882 मध्ये प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी वडिलांनी जमवलेली भारतातील जुन्या भूकंपांची सूचीही त्यांनी छापून आणली. या दोन कामांमुळे त्यांची भूकंपाशी ओळख झाली.

खरी कसोटी 12 जून 1897 रोजी आली. त्या दिवशी सायंकाळी पाचच्या सुमारास आसामात प्रचंड भूकंप झाला. आजच्या अंदाजानुसार त्याची तीव्रता आठच्या वर होती. शिलाँगमधील दगडी इमारती पाहता पाहता ढिगारा झाल्या. सुमारे 4 लाख चौरस किलोमीटर क्षेत्रात, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा मोठ्या प्रदेशात, विटा-दगडांच्या बांधकामांची वाताहत झाली. सुमारे दीड हजार माणसे दगावली.

ओल्डहॅम आणि त्यांचे सहकारी नुकसानीच्या भागात फिरले. ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांकडून आणि रहिवाशांकडून माहिती मागवली गेली. कोणत्या दिशेला काय पडले, घड्याळे कधी थांबली, कुठे जमीन फाटली, याची नोंद झाली. शिलाँगच्या पठारावर त्यांना सुटे दगड आपल्या खळग्यातून बाहेर फेकले गेलेले दिसले. खाली ब्रह्मपुत्रेच्या आणि सिल्हेटच्या मैदानात चित्र निराळे होते. शेतांत वाळूचे छोटे ज्वालामुखी असावेत तशी भोके पडली होती. विहिरी वाळूने भरल्या होत्या. नदी-नाल्यांचे तळ वर उचलले गेले होते, रेल्वेचे रूळ वाकले होते आणि काठाजवळची जमीन पात्राकडे घसरली होती. खडकावर जमीन जोराने हादरली होती. गाळावर ती हादरली आणि शिवाय तिने आपला घट्टपणाच सोडला होता. 1899 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल भूकंपशास्त्रातील एक पायाभूत ग्रंथ मानला जातो.

वाळू अशी का वागते, याचे पूर्ण उत्तर मात्र त्या काळी हाती नव्हते. ते कार्ल टेरझागी या अभियंत्याने 1925 च्या सुमारास मांडलेल्या मृदायांत्रिकीतून मिळाले. सुट्या वाळूचे कण एकमेकांना टेकून वरचा भार पेलतात. कणांमधील पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतील आणि हादरे बसू लागले, तर कण अधिक दाटीने बसू पाहतात. पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, त्यामुळे त्याचा दाब वाढतो. एका क्षणी भार कणांऐवजी पाण्यावर येतो. कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि जमीन दाट द्रवासारखी वागते. याला द्रवीभवन म्हणतात. जड इमारत अशा जमिनीत खचते किंवा कलते, तर जमिनीखालची रिकामी टाकी वर येऊ शकते.

चिकणमाती सहसा अशी पातळ होत नाही. पण मऊ गाळाचा दुसरा धोका असतो. खडकातून गाळात शिरताना भूकंपलहरींचा वेग घटतो आणि झोके मोठे होतात. खोऱ्यात साचलेला गाळ जास्त वेळ हलत राहतो. म्हणूनच दूरच्या भूकंपातही गाळावरच्या घराला खडकावरच्या घरापेक्षा जास्त फटका बसू शकतो.

आसामच्या त्या भूकंपाने ओल्डहॅम यांना आणखी एक दार उघडून दिले. युरोपातील उपकरणांवर उमटलेल्या त्याच्या रेषा तपासताना त्यांनी तीन प्रकारच्या लहरी वेगळ्या ओळखल्या. त्याच धाग्याने पुढे जात 1906 मध्ये त्यांनी पृथ्वीला निराळ्या गुणधर्मांचा गाभा असल्याचा पुरावा मांडला. तोवर प्रकृती ढासळल्याने 1903 मध्येच त्यांनी भारतातील नोकरी सोडली होती. 1911 मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पुढे लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले.

इतके झाल्यावरही त्यांनी जुने काम टाकले नाही. 1926 मध्ये, वयाच्या अडुसष्टीच्या आसपास, त्यांनी 16 जून 1819 च्या कच्छ भूकंपावर सविस्तर लेखन प्रसिद्ध केले आणि त्यातच आपल्या आसामच्या निष्कर्षांची फेरतपासणी केली. 1819 च्या त्या भूकंपात रणातील सिंद्री किल्ल्याचा परिसर खचून पाण्याखाली गेला होता आणि उत्तरेला अल्लाबंद नावाचा लांब उंचवटा तयार झाला होता. 15 जुलै 1936 रोजी वेल्समध्ये ओल्डहॅम यांचे निधन झाले.

त्यांच्या नोंदींचा अर्थ पुढच्या भूकंपांनी पुन्हा पुन्हा समजावला. 1964 मध्ये जपानच्या नीगाता शहरात चार मजली इमारती जवळजवळ अखंड अवस्थेत आडव्या झाल्या. इमारती धड होत्या, त्यांच्याखालची वाळू सुटली होती. 26 जानेवारी 2001 च्या भूज भूकंपात रणात पुन्हा वाळूचे फवारे उडाले आणि कांडला बंदरातील मनोरा कलला.

मालवणच्या किनाऱ्यावर हा इतिहास परका नाही. 2002 च्या भारतीय मानकाच्या नकाशात कोकण किनाऱ्याचा बराच भाग तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात येतो. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा धक्का कोकणातही जाणवला होता. इथे काही किलोमीटरच्या आत जमिनीचे सगळे प्रकार भेटतात. सिंधुदुर्ग किल्ला खडकाळ बेटावर उभा आहे. वरच्या सड्यावर जांभ्याचा कातळ आहे. देवबागची वस्ती मात्र कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर आहे आणि खाड्यांच्या काठाने खारजमिनी व भातशेतीचा गाळ आहे. तिथे विहिरीचे पाणी हाताच्या अंतरावर असते. घर तेच, चिरे तेच, गवंडीही तोच. तरी सड्यावरचे घर आणि भराव घातलेल्या खाजणातले घर भूकंपात सारखे वागणार नाही.

यावर उपाय आहेत आणि ते घराचा पाया खणण्याआधी करायचे असतात. या जागी पूर्वी काय होते, शेत, तळे की खाजण, हे गावातल्या जाणत्या माणसांना विचारावे. बोअर घेऊन जमिनीखालचे थर, वाळूचा घट्टपणा आणि पाण्याची पातळी तपासून घ्यावी. भराव थराथराने दाबून घालावा. नदी-खाडीच्या अगदी काठावर बांधणे टाळावे, कारण काठ आधी सरकतो. सैल वाळू असेल, तर ती घट्ट करायची, पाया खालच्या पक्क्या थरापर्यंत न्यायचा की सगळ्या खांबांना एकत्र बांधणारा सलग पाया घालायचा, हे अभियंत्याला ठरवू द्यावे.

भूकंप कधी येईल हे ओल्डहॅम यांना सांगता येत नव्हते आणि आजही कुणाला सांगता येत नाही. तो आला तर कुठली जमीन आधी दगा देईल, हे मात्र बऱ्याच अंशी आधी कळू शकते. पायाच्या चरात उतरून खालची वाळू एकदा तपासणे, एवढे काम प्रत्येक घरमालकाच्या हातात आहे.