चिमणी घेऊन आलेला मुलगा



पक्षितज्ज्ञ मरहूम डॉ. सालिम अली यांचे नाव आपण पाठ्यपुस्तकात वाचले असेल. त्यांना पद्मविभूषण मिळाले हेही आपणांस ठाऊक असेल. परंतु हे गृहस्थ मॅट्रिकला जेमतेम पास झाले होते आणि शिकून मिळवलेली पदवी त्यांच्यापाशी नव्हती, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीच्या घरी या पोरक्या मुलाला वाढविले. लहानपणी खेळातल्या एअरगनने त्याने एक चिमणी पाडली. पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! ही कोणती चिमणी? मामांना सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडले.

१९०८ सालची मुंबई डोळ्यांसमोर आणा. राज्य साहेबाचे, ऑफिस साहेबाचे, आणि दारात हातात मेलेली चिमणी घेतलेला एक बुजरा मुलगा. मिलार्डसाहेबांनी चिमणीचे नाव सांगून त्याला वाटेला लावले असते तरी कोणी दोष दिला नसता. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी मुलाच्या प्रश्नाचे कौतुक वाटून घेतले, सोसायटीच्या संग्रहातले पेंढा भरलेले पक्षी त्याला दाखविले, वाचावयास पुस्तके दिली, आणि पक्ष्याची कातडी सोडवून ती टिकवावी कशी हे शिकण्याची सोय करून दिली. साहेबांचा किती वेळ गेला असेल? फार तर एक दुपार.

पुढची वाट सोपी नव्हती. तेराव्या वर्षी डोकेदुखी जडली, शाळा वारंवार बुडू लागली. १९१३ साली मॅट्रिक कशीबशी पार पडली. कॉलेज अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात तवॉयला घरच्या खाणीच्या व लाकडाच्या धंद्यावर गेले. तो धंदाही पुढे बुडाला. पदवी नाही म्हणून झूलॉजिकल सर्व्हेतील जागा हुकली. अखेर १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड-लेक्चररची नोकरी मिळाली.

शास्त्रीय शिक्षण घ्यावे म्हणून १९२८ साली त्यांनी रजा काढली. ब्रह्मदेशातून जमविलेल्या पक्ष्यांचा अभ्यास एका हिंदी माणसाने करावा, हे टाइसहर्स्ट नावाच्या इंग्रज पक्षितज्ज्ञाला रुचले नाही, आणि त्याने तशी पत्रे सोसायटीला लिहिली. बर्लिनचे प्राध्यापक श्ट्रेसेमान यांची पत्रे मात्र पहिल्यापासूनच आपुलकीची होती. सालिम अली बर्लिनला गेले आणि श्ट्रेसेमानना त्यांनी जन्मभर गुरू मानले. दोघेही विद्वान, दोघांच्याही हाती लेखणीच होती!

येथे थोडे स्वतःविषयी. मी वर्गशिक्षक. प्रगतिपुस्तकातील शेऱ्याच्या रकान्यात अभ्यास वाढवावा एवढेच मी वर्षानुवर्षे लिहीत आलो. गणितात नापास झालेल्या एका मुलाने भूगोलाच्या वहीत नद्यांचे नकाशे फार सुरेख काढले होते. ते मी पाहिले आणि वही मिटवून परत दिली. पुढच्या वर्षी तो शाळेत आलाच नाही. पालकहो, ते पुस्तक घरी आले की आपणही प्रथम लाल शाईच पाहता, नाही का?

१९३० साली सालिम अली परत आले तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! मग पत्नी तहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहिले. बेकारीच्या त्या दिवसांत घराजवळच सुगरणींची वसाहत होती. रोज तासन् तास बसून त्यांनी ती न्याहाळली. नर सुगरण घरटे विणतो, मादी ते पसंत करून आत राहावयास येते, आणि मग हा पठ्ठ्या दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणू लागतो, हे त्यांनी टिपले. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणांनी त्यांचे नाव झाले. पुढे संस्थानांतील पक्ष्यांच्या पाहण्यांत तहमिनाबाई रानावनांत त्यांच्यासोबत असत. १९३९ साली त्या वारल्या आणि ते पार खचले. तेव्हा बहीण कामू आणि मेहुणे हसन अली यांनी त्यांना आपल्या घरी नेले. दोनच वर्षांनी, १९४१ साली, भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले.

२० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्याआधी दोन वर्षे त्यांनी आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले होते. एवढे मानसन्मान मिळालेल्या माणसाने त्याला नाव दिले ते त्या पडलेल्या चिमणीचे.