डिलाईल रोडच्या चाळी बांधणाऱ्या खात्याला हिशोब विचारणारा वकील : वीर नरिमन

नरिमन पॉइंट माहीत नाही असा मुंबईकर सापडणार नाही. चर्चगेटचा वीर नरिमन रोडही सगळ्यांच्या ओळखीचा. पण हे नरिमन नेमके कोण, असं विचारलं तर बरेच जण गप्प बसतात. कुणीतरी पारशी शेठ असतील, त्यांनी जमीन दान केली असेल, असा एक अंदाज असतो.

खुर्शेद फ्रामजी नरिमन शेठ नव्हते आणि त्यांनी जमीनही दिली नव्हती. त्यांचं नाव गाजलं ते समुद्रात भराव घालणाऱ्या सरकारी खात्याचा घोटाळा बाहेर काढल्यामुळे. आणि हेच ते खातं, ज्यानं डिलाईल रोडवर कामगारांसाठी ३२ चाळी उभ्या केल्या. बीडीडी चाळी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या चाळी.

तर हे प्रकरण काय होतं, ते पाहू.

खातं कसं जन्माला आलं?

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा मुंबईत घरांची प्रचंड टंचाई होती. गिरण्या जोरात चालत होत्या, कोकणातून आणि घाटावरून माणसं येत होती आणि एकेका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडं राहत होती. शहरात महापालिका होती, १८९८ पासून इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट होता. पण गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांना हा कारभार संथ वाटत होता. म्हणून १९२० मध्ये त्यांनी थेट सरकारच्या हाताखाली वेगळं खातं काढलं.

या खात्याकडे दोन मोठी कामं होती. एक, बॅक बेमध्ये भराव घालून ११४५ एकर नवी जमीन तयार करायची. दोन, कामगारांसाठी एका खोलीची ५० हजार घरं बांधायची.

पैसा कुठून आणायचा? सरकारनं जनतेकडून विकास कर्ज उभारलं. व्याज होतं साडेसहा टक्के, परतफेड १९३५ मध्ये आणि रक्कम जमली ९ कोटींच्या वर. घरांच्या योजनेतला तोटा भरून काढायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर १ रुपया करही बसवला.

म्हणजे पैसा लोकांचा, जबाबदारीही शेवटी लोकांचीच. पण कंत्राट कुणाला द्यायचं, यंत्रं कुठून घ्यायची, अंदाजपत्रक कुणी तपासायचं, हे सगळं खात्यातल्या साहेबांच्या हातात. शहरानं निवडून दिलेली महापालिका या कारभाराच्या बाहेरच होती.

नरिमन तेव्हा कुठे होते?

नरिमन यांचा जन्म १८८३ चा, ठाण्याचा. शिक्षण घेऊन ते वकील झाले आणि मुंबईत वकिली करू लागले. १९१९ च्या कायद्यानंतर प्रांतांच्या कायदे मंडळांत निवडून आलेल्या सदस्यांची संख्या वाढली. त्यांना प्रश्न विचारता येत होते, खर्चाच्या मागण्यांवर बोलता येत होतं. पण महत्त्वाच्या खात्यांत शेवटचा शब्द गव्हर्नरचाच असे. त्यामुळे अनेकांना ही कौन्सिलं म्हणजे नुसती चर्चेची जागा वाटायची.

नरिमन स्वराज्य पक्षाकडून मुंबईच्या कौन्सिलात गेले आणि तिथे त्यांनी वकिलाचं काम केलं. भाषणांपेक्षा कागद महत्त्वाचे मानले. अंदाज किती होता, खर्च किती झाला, यंत्र किती काम करेल असं सांगितलं होतं आणि प्रत्यक्षात किती केलं, हे ते विचारत राहिले.

विचारण्यासारखं बरंच होतं. बॅक बेचा सुरुवातीचा अंदाज सुमारे ४ कोटींचा होता. काही वर्षांतच तो ७ कोटींच्या वर गेला. बंदरातला गाळ उपसून तो भिंतीच्या आत टाकायचा, अशी योजना होती. गाळ उपसणारं मोठं जहाज आणलं, त्याला गव्हर्नर लॉईड यांचंच नाव दिलं. पण ते अपेक्षेपेक्षा फारच कमी काम करू लागलं. त्यात टाकलेला गाळ भिंतीतून पुन्हा समुद्रात निसटत होता. लोकांनी या योजनेला लॉईडचा वेडेपणा असं नाव ठेवलं. लॉईड स्वतः १९२३ मध्येच मुंबई सोडून गेले होते. कर्ज मात्र इथेच राहिलं.

खटला

ओरड इतकी वाढली की १९२६ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश ग्रिमवूड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. नरिमन यांनी खात्यातल्या गैरव्यवहारांबद्दल जाहीर आरोप केले आणि त्यात अधिकाऱ्यांची नावं घ्यायला ते कचरले नाहीत.

खात्यातले एक इंजिनिअर हार्वे यांनी नरिमन यांच्यावर अब्रूनुकसानीचा फौजदारी खटला भरला. आता विचार करा. समोर सरकारी अधिकारी, काळ इंग्रजांचा. आरोप सिद्ध करता आले नाहीत तर शिक्षा, आणि वकिलीवरही पाणी. माफी मागून मोकळं होणं सोपं होतं. नरिमन यांनी खटला लढवला. कौन्सिलात ज्या गोष्टींना सरकार उडवाउडवीची उत्तरं देत होतं, त्या आता कोर्टात साक्षीपुराव्यानिशी उघड होऊ लागल्या. १९२८ मध्ये नरिमन निर्दोष सुटले. मुंबईनं त्यांना डोक्यावर घेतलं. पुढे ते वीर नरिमन म्हणूनच ओळखले जाऊ लागले.

बॅक बेची योजना आठ भागांची होती, ती आवरती घेतली. ११४५ पैकी सुमारे ४४० एकरच जमीन झाली आणि त्यातलाही मोठा तुकडा लष्कराकडे गेला.

आणि डिलाईल रोडच्या चाळींचं काय?

नरिमन यांची लढाई मुख्यतः समुद्रातल्या भरावाची होती. पण कर्ज काढणारं आणि कंत्राटं देणारं खातं तेच असल्यामुळे चाळींची गोष्ट यापासून वेगळी काढता येत नाही.

५० हजार घरांपैकी झाली साधारण साडेसोळा हजार. वरळीत १२१ चाळी, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२, अशा एकूण २०७. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, मजल्यावर २० खोल्या, म्हणजे चाळीत ८०. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. बांधकाम सिमेंट काँक्रीटचं, त्या काळात महागडं.

इथेच कर्जाचं गणित भाड्याला येऊन भिडतं. साडेसहा टक्क्यांनी घेतलेल्या दर १००० रुपयांवर वर्षाला ६५ रुपये व्याज, म्हणजे महिन्याला ५ रुपयांहून जास्त. यात मुद्दल, दुरुस्ती, पाणी, झाडलोट काहीच धरलेलं नाही. गिरणी कामगाराला हे परवडणं शक्य नव्हतं. म्हणून सरकारनं भाडं खर्चापेक्षा कमी ठेवलं आणि तोटा कापसाच्या करातून भरला. तरीही अनेक खोल्या, विशेषतः वरळीच्या, कित्येक वर्षं रिकाम्या होत्या. १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला गेला.

जगभरातल्या मंदीनंतर सरकारी कर्जं साडेतीन टक्क्यांच्या आसपास मिळू लागली. त्या दरानं त्याच १००० रुपयांवर महिन्याला ३ रुपयेसुद्धा पडले नसते. कर्ज कधी आणि किती दरानं घेतलं, ते स्वस्त झाल्यावर बदलून घेता येतं का, हे प्रश्न रुक्ष वाटतात. पण त्यांचं उत्तर शेवटी खोलीच्या भाड्यात उतरतं.

विचारणाऱ्यालाही विचारलं गेलं

नरिमन यांची पुढची वाट सरळ नव्हती. सविनय कायदेभंगात ते तुरुंगात गेले, मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९३५-३६ मध्ये ते मुंबईचे महापौर होते. म्हणजे ज्या महापालिकेला १९२० मध्ये बाजूला ठेवलं गेलं होतं, तिच्याच प्रमुखपदी ते बसले.

१९३७ मध्ये काँग्रेस निवडणूक जिंकली. नरिमन पंतप्रधान होणार (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत), असं बऱ्याच जणांना वाटत होतं. निवड झाली बाळासाहेब खेर यांची. नरिमन यांनी वल्लभभाई पटेलांवर आपल्याविरुद्ध वजन वापरल्याचा आरोप केला. महात्मा गांधी आणि बॅरिस्टर बहादुरजी यांनी चौकशी केली. पटेलांवरचा आरोप टिकला नाही, उलट १९३४ च्या निवडणुकीतल्या वागणुकीबद्दल नरिमन यांनाच दोषी धरलं गेलं. काँग्रेसनं त्यांना जबाबदारीच्या पदांसाठी अपात्र ठरवलं. हा निकाल योग्य होता की अन्याय्य, यावर आजही मतभेद आहेत. पुढे काही काळ ते सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये होते. १९४८ मध्ये त्यांचं निधन झालं.

नंतर चर्चगेट स्ट्रीटला त्यांचं नाव मिळालं. स्वातंत्र्यानंतर बॅक बेमध्ये पुन्हा भराव पडला आणि त्यावर उभ्या राहिलेल्या भागालाही त्यांचंच नाव दिलं गेलं. डिलाईल रोडला कामगार नेते ना. म. जोशी यांचं नाव आहे.

आज हे का माहीत असावं?

त्या ३२ चाळींच्या पुनर्विकासाचं काम म्हाडाकडे आहे. एप्रिल २०१७ मध्ये भूमिपूजन झालं, ना. म. जोशी मार्गाचं कंत्राट शापूरजी पालनजी कंपनीला मिळालं. १६० चौरस फुटांच्या जागी रहिवाशांना ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर मिळणार आहे. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. यावेळी खर्च निघणार आहे तो त्याच जागेवर जास्तीचे फ्लॅट बांधून ते विकण्यातून.

पैसा उभा करण्याची रीत बदलली, पण विचारायचे प्रश्न जुनेच आहेत. अंदाज किती होता आणि आता किती झाला? कंत्राट कोणत्या अटींवर दिलं? उशीर झाला तर त्याचा भार कोण उचलणार? विक्रीचे फ्लॅट ठरलेल्या भावानं गेले नाहीत तर काय? आणि दहा-वीस वर्षांनी इमारतीचा देखभाल खर्च रहिवाशांना झेपेल का?

नरिमन यांच्या काळात असे प्रश्न विचारायला कौन्सिलाचा सदस्य लागायचा, आणि त्यालाही कोर्टाची पायरी चढावी लागली. आज माहिती अधिकाराचा साधा अर्ज कोणताही भाडेकरू १० रुपयांत करू शकतो. अर्ज केल्यावर मिळालेले कागद वाचायला मात्र बसावं लागतं. नरिमन यांनी तेच केलं होतं.