संत कथबर्ट व आयडर बदक

आपला शिरूर तालुका घोड व भीमा या दोन नद्यांच्या मध्ये वसलेला आहे. हिवाळ्यात या नद्यांच्या पाण्यावर उतरणारी बदके न्हावऱ्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊकच आहेत. ही गोड्या पाण्यावरील पाखरे होत. परंतु बदकांच्या कुळात समुद्रावरच आयुष्य कंठणारीही एक शाखा आहे. तीतील आयडर नावाच्या बदकाशी एका सत्पुरुषाचे नाव शतकानुशतके जोडले गेले आहे. त्या सत्पुरुषाचे, म्हणजे संत कथबर्ट यांचे, चरित्र येथे थोडक्यात देत आहो.

कथबर्ट यांचा जन्म इ. स. ६३४ च्या सुमारास इंग्लंडच्या उत्तरेकडील नॉर्थंब्रिया राज्यात झाला. बालपणी ते मेंढरे राखीत. ६५१ साली एके रात्री कळप राखीत असता त्यांना आकाशात दिव्य प्रकाश दिसला व देवदूत एक आत्मा स्वर्गास नेत आहेत असा दृष्टांत झाला. त्याच रात्री लिंडिसफार्नचे बिशप एडन यांस देवाज्ञा झाल्याचे त्यांना मागून कळले. तेव्हा मेंढरे धन्याच्या स्वाधीन करून ते मेलरोझ येथील मठात दाखल झाले.

काही वर्षांनी त्या प्रांतात महामारीचा कहर झाला. कथबर्ट यांनाही रोगाने गाठले. ते बचावले, पण त्यांचे गुरू बॉइसिल मृत्युमुखी पडले. भयाने गांगरलेले लोक गंडेदोरे व मंत्रतंत्र यांच्या नादी लागले. अशा समयी जेथे जाण्यास इतर उपदेशक धजत नसत, त्या डोंगरकपारीतील वस्त्यांत कथबर्ट कधी घोड्यावरून तर बहुधा पायीच जात, आणि आठवडेच्या आठवडे गोरगरिबांत राहून सुवार्ता सांगत.

पुढे लिंडिसफार्न बेटावरील मठाचा कारभार त्यांजकडे आला. तथापि एकांतात प्रार्थना करावी ही त्यांची जुनी इच्छा होती. ६७६ साली ते फार्न नावाच्या ओसाड खडकाळ बेटावर एकटेच राहावयास गेले. तेथे त्यांनी आपल्या हातांनी दगड रचून झोपडी उभारली व भोवती उंच भिंत घातली. आतून आकाशाखेरीज काहीच दिसत नसे. त्यांनी पेरलेला गहू उगवला नाही. मग हंगाम टळून गेल्यावर पेरलेले जव मात्र तरारून आले. पाखरांचे थवे त्या पिकावर पडले, तेव्हा त्यांनी दगड वा काठी न उगारता केवळ शब्दांनी त्यांना परतविले, अशी कथा बीड नावाच्या विद्वान मठवासीयाने ७२१ च्या सुमारास लिहिलेल्या चरित्रात आहे.

६८४ साली त्यांची बिशपपदासाठी निवड झाली. निरोपांवर निरोप येऊनही ते बेट सोडीनात, तेव्हा राजा एकफ्रिथ स्वतः नावेतून त्यांच्या भेटीस गेला. शेवटी डोळ्यांत अश्रू आणून त्यांनी ते ओझे पत्करले. ६८५ साली त्यांना दीक्षा मिळाली व पुढील सुमारे दोन वर्षे त्यांनी अविश्रांत प्रवास व सेवा केली. अंतसमय जवळ आला असे जाणून ते फार्नला परतले, आणि २० मार्च ६८७ रोजी प्रभूच्या ठायी विसावले. बेटावरून दिवे दाखवून ही वार्ता लिंडिसफार्नच्या मठास कळविण्यात आली.

या बेटावर आयडर बदके घरटी करितात. नर पांढरा व काळा असून मादी तपकिरी असते. शिंपले गिळून आतील पेषणीत त्यांचा चुरा करणे ही त्यांची रीत. युरोपच्या उत्तर किनाऱ्यापासून आइसलंड, ग्रीनलंड, उत्तर अमेरिका व पूर्व सैबेरियापर्यंत त्यांचा विस्तार आहे. मादी आपल्या छातीची मऊ लव उपटून घरट्यात अंथरते आणि सुमारे पंचवीस दिवस जवळजवळ उपाशी राहून अंडी उबविते. माणूस जवळ आला तरी ती सहसा उठत नाही. म्हणूनच तिला मारणे किंवा तिचे घरटे लुटणे अगदी सोपे असते.

कथबर्ट यांनी या पक्ष्यांस अभय दिले अशी परंपरा आहे. बीडच्या चरित्रात आयडरचा उल्लेख नाही. बाराव्या शतकात डरहॅमच्या रेजिनाल्डने मात्र हे संताचे पक्षी म्हणून वर्णिले आहेत. कथबर्ट या नावाच्या लाडक्या रूपावरून तिकडील लोक आजही या पक्ष्यास कडी बदक म्हणतात. आइसलंडमध्ये १८४७ पासून कायद्याने त्यास संरक्षण आहे. तेथील शेतकरी घरट्यांची राखण करितात व लव गोळा करितात. एक किलो लव मिळण्यास सुमारे साठ घरटी लागतात.

असे असूनही हा पक्षी निर्धास्त नाही. समुद्रात सांडणारे तेल, शिंपल्यांचा अतिरेकी उपसा व शिकार यांमुळे कित्येक ठिकाणी त्याची संख्या घटली. २०१५ साली जागतिक लाल यादीत त्याची नोंद संकटाच्या उंबरठ्यावरील पक्ष्यांत करण्यात आली.

विद्यार्थिमित्रहो, कायदा दूर असतो, घरटे मात्र आपल्या पायांशी असते. आपल्याच तालुक्यातील मोराची चिंचोली येथे ग्रामस्थांनी मोरांस अभय दिले आहे, ते याच वृत्तीने. जो पक्षी पळून जात नाही, त्याचे प्राण सर्वस्वी आपल्या संयमावर अवलंबून असतात. नदीकाठी एखादे घरटे दृष्टीस पडले, तर चार पावले मागे सरावे व इतरांसही सरावयास सांगावे. बलवानाने दुबळ्याशी कसे वागावे, याचा पहिला धडा तेथेच मिळतो.