गारदी इब्राहिमखान

पुण्यात ‘गारदी’ हा शब्द नुसता उच्चारला तरी शनिवारवाडा आठवतो. 30 ऑगस्ट 1773 रोजी सुमेरसिंग गारद्याच्या टोळीने कोवळ्या नारायणराव पेशव्यांना तलवारीखाली घेतले आणि तेव्हापासून हा शब्द मारेकऱ्याचाच झाला. कर्वेनगरहून बसने कॉलेजला येताना वाड्याच्या बाजूला गेलो की मलाही हेच आठवे. पण पानिपतावरची पुस्तके वाचू लागलो आणि याच शब्दाचा दुसरा धनी भेटला. त्याचे नाव इब्राहिमखान.

गारदी म्हणजे फिरंगी पद्धतीने कवायत शिकलेला, बंदूक-संगीन चालवणारा शिपाई. हे शिक्षण दक्षिणेत फ्रेंचांनी आणले. निजामाच्या पदरी असलेल्या बुसीच्या हाताखाली इब्राहिमखान तयार झाला. 1758 मध्ये बुसीला परत बोलावणे आले, आणि पुढे खान आपली पलटणे व तोफा घेऊन पेशव्यांच्या चाकरीत आला. कालच्या शत्रूचा सरदार, मुसलमान, त्यात गारदी! 1759 च्या ऑक्टोबरात सदाशिवरावभाऊंवर खुनी हल्ला झाला होता. त्यामागे मुजफ्फरखान गारदी होता व त्याला देहदंड झाला. एवढे होऊनही भाऊंनी दुसऱ्या गारद्यावर भरवसा ठेवला, हे मला भाऊंच्या साऱ्या गुणांत मोठे वाटते. फेब्रुवारी 1760 मध्ये उदगीरला जुन्या धन्यावरच तोफा डागून खानाने तो भरवसा खरा केला. त्याच वर्षी दिल्ली आणि कुंजपुरा घेतानाही त्याच्या तोफा कामी आल्या.

तरी छावणीत तो सगळ्यांना प्रिय होता असे नाही. घोडदळाच्या सरदारांची रीत निराळी. मुलूख, लूट, थकलेली बाकी यांवर त्यांचे चाले. गारद्याला मात्र महिन्याच्या महिन्याला रोख पगार लागे, आणि खान आपल्या माणसांसाठी तो हट्टाने मागे. त्यावरून भाऊही त्रासत. मल्हारराव होळकरांना गनिमी कावा हवा होता. पण तोफा आणि पायदळ यांना घोड्यासारखे निसटता येत नाही. म्हणून भोवती पलटणे, मध्ये बाजारबुणगे व बायकामुले असा गोल करून लढावे, हा खानाचा आग्रह. या वादात दोघांनाही आपापल्या शस्त्राचे बरोबर कळत होते असे मला वाटते. एका फौजेत दोन युद्धपद्धती नांदवायच्या, तर त्यांची तालीम आधी व्हायला हवी होती. ती झाली नाही.

डिसेंबर 1760 मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले. रसद तुटली, खजिना आटला. 14 जानेवारी 1761 च्या सकाळचा प्रसंग काशीराज पंडिताने लिहून ठेवला आहे. तो शुजाउद्दौल्याच्या चाकरीतला दक्षिणी ब्राह्मण, म्हणजे समोरच्या छावणीतला साक्षीदार. तो सांगतो की खान भाऊंकडे गेला. पगाराच्या तगाद्याने आपण नाराज होता, या महिन्याचे तर काहीच मिळालेले नाही, पण आज आम्ही आमचे काम करून दाखवू, अशा अर्थाचे बोलला आणि आपल्या जागी परतला.

ती जागा डावी बगल. समोर रोहिले. खानाने स्वतः निशाण हाती घेतले, गोळीबार थांबवून संगिनी पुढे करायला लावल्या. काशीराज रोहिल्यांचे मेलेले-जखमी जवळजवळ आठ हजार सांगतो. आकडा कमीअधिक असेल, पण त्या फळीचे कंबरडे मोडले एवढे खरे. इतक्यात शेजारच्या विंचूरकर-गायकवाडांचे घोडदळ शिस्त मोडून पुढे घुसले. आपलीच माणसे आडवी आल्यावर तोफ कशी डागणार? घोडदळ हटले, रोहिले सावरले, आणि गारदी जागच्या जागी कापले गेले. भाल्यांचे वार आणि बंदुकीची गोळी लागून खान जखमी झाला.

तो शुजाच्या माणसांच्या हाती लागला. शुजाने त्याला लपवले. गुपचूप लखनौला पाठवण्याचा त्याचा विचार होता. पण अब्दालीच्या गोटात बातमी फुटली, गिलचे दंगा करू लागले आणि शुजाचा नाइलाज झाला. अब्दालीच्या वजिराच्या हुकुमाने खानाच्या जखमांत विष भरले गेले, असे काशीराज लिहितो. सातव्या दिवशी तो मेला. त्या महिन्याचा पगार त्याच्या माणसांना शेवटपर्यंत मिळालेला नव्हता.