कंटेनरचं लॉक जगाला फुकट देणारा ट्रकवाला

उरणच्या रस्त्यावर जेएनपीटीकडे निघालेल्या ट्रेलरच्या रांगेत कधी अडकलात, तर एक गोष्ट बघा. कंटेनरचे रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या, पण कोपरे मात्र सगळ्यांचे सारखे. त्या कोपऱ्यांतल्या खाचांमुळेच कुठल्याही कंपनीचा कंटेनर कुठल्याही ट्रेलरवर, रेल्वेवर किंवा जहाजावर बसतो.

यामागे आहे माल्कम मॅक्लीन. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातल्या शेतकरी घरात १९१३ साली जन्मलेला पोरगा. १९३४ मध्ये एका जुन्या ट्रकवर भावंडांसोबत धंदा सुरू केला आणि वीस वर्षांत हजाराहून जास्त ट्रक उभे केले.

तेव्हा बंदरावर गोणी, खोकी, पिंपं हमाल एकेक करून चढवायचे. १९३७ मध्ये कापसाच्या गासड्या घेऊन धक्क्यावर ताटकळताना मॅक्लीनला कंटेनरची कल्पना सुचली, असं सांगतात. किस्सा भारी आहे, पण बहुतेक नंतर रंगवलेला. रस्त्यावरच्या ट्रॅफिकला वैतागून त्यानं समुद्राचा विचार केला, हे जास्त पटतं.

ट्रक आणि जहाज दोन्ही धंदे एकाच्या हाती नकोत, असा तिथला नियम होता. पठ्ठ्यानं चालू ट्रक कंपनी सोडली आणि जहाजं घेतली. २६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल-एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. सुटा माल चढवायला टनामागे पावणेसहा डॉलरच्या वर खर्च यायचा. इथे तो १६ सेंटवर आला. पुढे जगभरातल्या गोदी कामगारांच्या हातचं काम गेलं, तेही याच हिशोबामुळे.

पण खरी अडचण पुढेच होती. मॅक्लीनचे कंटेनर ३५ फुटी, मॅटसन कंपनीचे २४ फुटी, आणि प्रत्येकाचं लॉक वेगळं. म्हणजे एकाचा कंटेनर दुसऱ्याला निरुपयोगी. मॅक्लीनच्या कोपऱ्यांचं आणि लॉकचं डिझाईन कीथ टँटलिंगर या इंजिनिअरनं केलं होतं. पेटंट मोकळं करा, म्हणून त्यानंच मॅक्लीनची समजूत घातली. १९६३ मध्ये मॅक्लीनच्या सी-लँड कंपनीनं त्यावरचा हक्क सोडला. प्रतिस्पर्ध्यांनाही ते फुकट वापरता आलं. थोडे बदल होऊन तेच कोपरे जगाचं स्टँडर्ड झाले.

गंमत म्हणजे लांबीचं स्टँडर्ड ठरलं ते २० आणि ४० फुटांचं. मॅक्लीनचे स्वतःचे ३५ फुटी कंटेनर त्यात बसलेच नाहीत!

तरी गडी थांबला नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याचा माल पोचवून कंटेनर रिकामे परतायचे. त्यानं वाटेत जपानला थांबून ते निर्यातीच्या मालानं भरायला सुरुवात केली. १९६९ मध्ये सी-लँड विकून तो गडगंज झाला. पुढे युनायटेड स्टेट्स लाइन्स ही कंपनी घेऊन अवाढव्य, पण संथ जहाजं बांधली. तेल महाग होईल, हा अंदाज साफ चुकला आणि १९८६ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं.

मे २००१ मध्ये मॅक्लीन गेला. अंत्यसंस्काराच्या सकाळी जगभरातल्या कंटेनर जहाजांनी भोंगे वाजवले.