गोल की चपटी? दीर्घिकांना ‘आकाराचा नंबर’ देणारे एडविन हबल

एडविन हबल हे नाव अवकाश दुर्बिणीमुळे घराघरात पोहोचलं. पण दूरच्या दीर्घिकांचे आकार ओळखण्याची त्यांची पद्धत आजही वापरात आहे, हे अनेकांना माहीत नसतं.

कायद्याकडून ताऱ्यांकडे
हबल यांचा जन्म २० नोव्हेंबर १८८९ रोजी अमेरिकेतील मिसूरी राज्यात झाला. वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकला. १९१३ मध्ये वडील गेले. हबल मायदेशी परतले, काही काळ शाळेत शिकवलं आणि मग खगोलशास्त्राकडे वळले. १९१९ पासून ते कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत होते. तिथल्या १०० इंची दुर्बिणीतूनच त्यांनी देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची वेगळी दीर्घिका असल्याचं दाखवून दिलं.

नंबर कसा ठरतो?
१९२६ मध्ये त्यांनी दीर्घिकांचे सर्पिल, लंबवर्तुळाकार आणि अनियमित असे गट पाडले. लंबवर्तुळाकार दीर्घिकांना ई० ते ई७ असे नंबर दिले. फोटोतल्या लांबीतून रुंदी वजा करा, उत्तराला लांबीने भागा आणि १० ने गुणा. लांबी १०, रुंदी ७ असेल तर ई३. पूर्ण गोल असेल तर ई०.

मेख कुठे?
भाकरी समोरून गोल दिसते, कडेने पाहिली तर पातळ. दीर्घिकेचंही तसंच. ई० दिसणारी दीर्घिका प्रत्यक्षात चपटी असू शकते. हबल यांना याची जाणीव होती. म्हणून त्यांनी अनेक दीर्घिकांच्या आकडेवारीवरून खऱ्या आकारांचा अंदाज बांधला.

गर्दीत काय घडतं?
दाट समूहांत लंबवर्तुळाकार दीर्घिका जास्त असतात, हे हबल आणि मिल्टन ह्युमेसन यांनी १९३१ मध्ये नोंदवलं. दीर्घिका एकमेकींत विलीन झाल्या की सर्पिल तबकड्या मोडतात आणि ताऱ्यांचा गोळा उरतो, असं आज मानलं जातं. २०१९ मध्ये जिच्या कृष्णविवराचं छायाचित्र गाजलं, ती एम८७ अशाच गर्दीतली, जवळपास गोल दीर्घिका आहे.

हबल यांच्यानंतर
२८ सप्टेंबर १९५३ रोजी हबल यांचं निधन झालं. नोबेल त्यांना मिळालं नाही. १९७० च्या दशकात मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिका फारच हळू फिरतात, असं आढळलं. म्हणजे त्यांचा चपटेपणा फिरण्यामुळे आलेला नाही. अनेकींची लांबी, रुंदी, जाडी तिन्ही वेगळी असते. तरीही पहिली ओळख म्हणून हबल यांचाच नंबर दिला जातो.